आर-२२ वरच्या मासळीच्या कोल्डरूम: गॅस कोणता बदलायचा, आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ मासळीच्या दोन खोल्या आहेत. एक शून्य ते दोन अंशांची, दुसरी उणे वीसची. दोन्हीवर जुने सेमी-हर्मेटिक कॉम्प्रेसर, गॅस आर-२२, आणि दर वर्षी गॅस भरावा लागतो. एक मेकॅनिक म्हणतो, आर-२२ बंद झाला, आता आर-४०४ए टाका. दुसरा म्हणतो, 'ड्रॉप-इन' गॅस आहे, आतल्या गॅसवरच भरून देतो, काही बदलायला नको. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं?

सध्या दोघांचंही ऐकू नका. ज्या यंत्रातून दर वर्षी गॅस जातो त्यात कोणताही नवा गॅस घातला तरी तोही जाणारच, आणि नवा गॅस महाग असतो. पहिलं काम गळती शोधण्याचं. दुसरं, दोन्ही खोल्या एकदम बदलायच्या नाहीत. आधी शून्य अंशांची बदला, तिच्यातला आर-२२ नीट काढून घ्या आणि तो उणे वीसच्या खोलीसाठी राखून ठेवा. असं का, ते सविस्तर लिहितो.

'बंद झाला' हे अर्धं खरं आहे. माँट्रियल करारानुसार आपल्यासारख्या देशांना एचसीएफसी गट (आर-२२ यातलाच) टप्प्याटप्प्याने बंद करायचा आहे: मूळ पातळीच्या तुलनेत २०१५ ला १० टक्के कपात, २०२० ला ३५, २०२५ ला ६७.५ टक्के आणि २०३० ला पूर्ण. त्यानंतर २०४० पर्यंत जुन्या यंत्रांच्या सर्व्हिसिंगसाठी वर्षाला सरासरी मूळ पातळीच्या २.५ टक्के एवढीच मुभा. नवी यंत्रं आर-२२ वर बनवणं भारतात २०२४ अखेर थांबलं. म्हणजे तुमचं चालू यंत्र बेकायदा झालेलं नाही, सर्व्हिसिंगसाठी गॅस मिळतोय, पण तो दर वर्षी दुर्मीळ आणि महाग होत जाणार. 'उद्याच बदला' म्हणून कोणी घाबरवत असेल तर घाबरू नका, पण २०३० पर्यंत ढकलत नेण्यातही शहाणपण नाही.

आता गळती. तुमच्याकडे ती कुठे असेल याचा अंदाज मी न बघता सांगू शकतो, कारण किनाऱ्यावरच्या मासळीच्या खोल्यांमध्ये तेच ते दिसतं. मासळीतून अमोनिया आणि अमाईनची वाफ सुटते, वर दमट हवा आणि मिठाचं पाणी. हे सगळं तांब्याला खातं. आतल्या इव्हॅपोरेटरचं (खोली थंड करणाऱ्या कॉइलचं) कव्हर काढा आणि शेवटच्या यू-बेंडांवर टॉर्च मारा. जिथे तांबं हिरवट पडलंय आणि धूळ चिकटून काळा तेलकट डाग झालाय, तिथे गॅस जातोय असं समजा. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, तेल धूळ धरतं. त्यानंतर फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्वची टोपी, प्रेशर स्विचच्या बारीक नळ्या (या कंपनाने घासून झिजतात) आणि बाहेरचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल). कोरडा नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावा, प्रेशर रात्रभर धरून बघा. पाटीवर लिहिलेल्या प्रेशरच्या वर जायचं नाही. आणि नायट्रोजन नाही म्हणून ऑक्सिजनचा सिलेंडर लावणारा दिसला तर त्याला तिथेच थांबवा. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, यात माणसं मेलेली आहेत.

कॉइल जागोजागी कुजली असेल तर ब्रेझिंगची ठिगळं लावत बसू नका, कॉइल बदला. घेताना तांब्यावर आणि फिनवर कोटिंग असलेली घ्या.

मग आर-४०४ए का नको? ओझोनच्या बाजूने तो निर्दोष आहे, त्यात क्लोरीनच नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर उणे वीसच्या कामाला तो कॉम्प्रेसरला सुखाचा आहे, डिस्चार्जचं तापमान आर-२२ पेक्षा खाली राहतं. म्हणूनच मेकॅनिक मंडळींना तो आवडतो. पण तापमानवाढीच्या हिशोबात, कार्बन डायऑक्साइडचा आकडा १ धरला तर, आर-२२ चा आकडा १८१० आणि आर-४०४ए चा ३९२२. दहा किलो गॅस हवेत गेला तर पहिल्याचा परिणाम अठरा टन कार्बन डायऑक्साइडएवढा, दुसऱ्याचा एकोणचाळीस टनांएवढा. ओझोन वाचवायला निघायचं आणि हवामानावर दुप्पट भार टाकायचा, हे मला पटत नाही. व्यवहारातही ते अंगाशी येणार. माँट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. एचएफसीचा (आर-४०४ए सारख्या क्लोरीन नसलेल्या गॅसचा) वापर २०२८ मध्ये गोठेल आणि २०३२ पासून कपात सुरू होईल. अशा वेळी पहिला चाप जास्त आकड्याच्या गॅसला बसतो. युरोपात मोठ्या यंत्रांच्या सर्व्हिसिंगला नवा आर-४०४ए वापरणं २०२० पासूनच बंद आहे. आज खर्च करून त्यावर गेलात तर काही वर्षांत पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

आणखी एक कारण तुमच्या छपरावर आहे. कंडेन्सिंग तापमान ५० अंश धरलं तर आर-२२ चं हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणाऱ्या गॅसचं) साधारण २६५ पीएसआय असतं, आर-४०४ए चं ३२० च्या आसपास. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या फिनांचा भुगा झालेला कंडेन्सर मे महिन्यात आर-२२ लाच धापा टाकत चालवतो. त्यावर वीस टक्के जास्त प्रेशरचा गॅस घातलात तर हाय प्रेशर कटआउट दुपारी चार वेळा पडेल. त्यामुळे गॅस कुठलाही घ्या, कंडेन्सर आधी बघा.

शून्य अंशांच्या खोलीसाठी माझी पसंती आर-४०७सी. क्षमता आर-२२ च्या जवळपास, प्रेशर किंचित जास्त, तापमानवाढीचा आकडा १७७४, म्हणजे निदान आधीपेक्षा वाईट नाही. आर-४४९ए किंवा आर-४४८ए खात्रीच्या वितरकाकडून मिळाला तर आणखी चांगलं, त्यांचा आकडा १४०० च्या आत-बाहेर आहे. उणे वीसच्या खोलीत मात्र आर-४०७सी घालू नका, तिथे तो कमी पडतो.

पण या गॅसना जुनं मिनरल ऑइल चालत नाही. तेल गॅसबरोबर परत येत नाही, इव्हॅपोरेटरमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. पीओई (कृत्रिम एस्टर) तेल घालावं लागतं, आणि एकदा बदलून भागत नाही. हे तेल आर-२२ चालू असतानाच बदलायचं: जुनं काढा, पीओई भरा, दिवसभर चालवा, पुन्हा काढा. जुन्या तेलाचा अंश पाच टक्क्यांच्या खाली येईपर्यंत हे करायचं, बहुतेक ठिकाणी दोन-तीन वेळा. पीओई पाणी ओढतं, आणि कोकणात जुलैमध्ये तर डबा उघडून चहाला गेलात तरी तेल वाया जातं. छोटे पत्र्याचे डबे घ्या, उघडला की लगेच वापरा, उरलेलं पुढच्या कामाला ठेवू नका. हे तेल नळ्यांच्या आतला जुना गाळही सोडवून आणतं, म्हणून ड्रायर (ओल आणि गाळ धरणारी गाळणी) लगेच नवा घाला आणि काही दिवसांनी पुन्हा बदला. रबरी ओ-रिंग आणि सील याच वेळी नवे टाका. आर-२२ मध्ये ते फुगून बसलेले असतात, नव्या गॅसमध्ये आकसतात आणि आधी घट्ट असलेला सांधाही गळायला लागतो. व्हॅक्यूम घड्याळाचा काटा बघून धरू नका, मायक्रॉन गेज लावा, ५०० मायक्रॉनच्या खाली गेल्यावर पंप बंद करून काटा वर चढतो का बघा.

गॅस भरताना सर्वांत जास्त घोळ होतो तो इथे. आर-४०७सी तीन गॅसचं मिश्रण आहे आणि ते एका तापमानाला उकळत नाही. म्हणून सिलेंडरमधून नेहमी द्रवरूपातच काढायचा, वाफ काढली तर मिश्रण बिघडतं. सक्शनला द्रव जाताना हँड व्हॉल्व किंचित उघडून थोडा थोडा सोडा. सुरुवातीला जुन्या वजनाच्या ८५ ते ९० टक्के भरा, वजनकाट्यावर. पुढे सुपरहीट, म्हणजे पूर्ण वाफ झाल्यावर गॅस आणखी किती अंश तापला ते, बघताना तक्त्यात दोन रकाने असतात, बबल (गॅस उकळू लागतो ते तापमान) आणि ड्यू (शेवटच्या थेंबाची वाफ होते ते). समजा सक्शनला (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीत) ३ बार प्रेशर आहे आणि नळीचं तापमान शून्य. ड्यूचा रकाना सुमारे उणे ४ सांगेल, म्हणजे सुपरहीट ४. बबलचा रकाना सुमारे उणे १० सांगेल, आणि तो वाचणारा म्हणेल सुपरहीट १० आहे, एक्स्पान्शन व्हॉल्व (इव्हॅपोरेटरमध्ये गॅस सोडणारा) अजून उघडा. तो उघडला की द्रव गॅस सरळ कॉम्प्रेसरमध्ये. कॉम्प्रेसरच्या आतल्या व्हॉल्वच्या प्लेटा तुटतात, आणि दोष नव्या गॅसच्या माथी मारला जातो. मेकॅनिकला कामाआधी एवढं एकच विचारा: सुपरहीट कोणत्या रकान्यावरून बघणार? त्याने 'ड्यू' म्हटलं तर काम निर्धास्त त्याला द्या.

'ड्रॉप-इन'वाल्याला सिलेंडरवरचा नंबर विचारा. आर-४२२डी किंवा आर-४३८ए असेल तर ते न पेटणारे आणि जुन्या तेलावर बऱ्यापैकी चालणारे गॅस आहेत. तरीही आतला आर-२२ पूर्ण काढूनच भरायचे. दोन गॅस मिसळले की त्या मिश्रणाचा तक्ताच जगात नसतो, मग प्रेशर बघून काहीही कळत नाही आणि तो गॅस पुन्हा शुद्धही करता येत नाही.

नंबर आर-२९० किंवा नुसताच 'हायड्रोकार्बन' असेल, तर तुमच्या खोलीत तो घालू देऊ नका. आर-२९० म्हणजे प्रोपेन. गॅस म्हणून तो उत्तम आहे, त्याच्यासाठीच बनवलेल्या यंत्रात. तुमच्या खोलीत साधे काँटॅक्टर, दाराचा हीटर, दिव्याचं बटण, सगळीकडे ठिणगी आहे, आणि हवेत दोन टक्क्यांहून थोडा जास्त प्रोपेन झाला की पेटायला तेवढं पुरतं. ५ एप्रिल २००८ ला न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळच्या तामाहेरे इथे प्रोपेनवर आधारित गॅसवर चालणाऱ्या कोल्ड स्टोअरमध्ये स्फोट झाला. अलार्म वाजला म्हणून अग्निशामक दलाची माणसं तिथे पोचली होती, आत पेटणारा गॅस आहे याची त्यांना कल्पना नव्हती. एक जवान गेला, सात जखमी झाले. तुमच्या खोलीत पहाटे मासळी काढायला जी पोरं शिरतात, त्यांचा विचार करा.

स्वस्त सिलेंडरचंही तेच. २०११ मध्ये बनावट आर-१३४ए भरलेल्या रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरांचे स्फोट होऊन माणसं दगावली. त्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं, ते अॅल्युमिनियमशी मिळून हवेत आपोआप पेटणारं रसायन बनवतं. बिल आणि सील असलेलाच सिलेंडर घ्या.

आता राखून ठेवण्याचं. शून्य अंशांच्या खोलीतला आर-२२ हवेत सोडू देऊ नका. रिकव्हरी मशीन भाड्याने मिळतं, ड्रायर लावून स्वच्छ रिकव्हरी सिलेंडरमध्ये घ्या, ८० टक्क्यांच्या वर भरू नका, वर चिठ्ठी लावा. कॉम्प्रेसर जळालेल्या यंत्रातला आम्लयुक्त गॅस मात्र पुन्हा वापरायचा नाही. चांगला असेल तर उणे वीसच्या खोलीची पुढची काही वर्षांची सोय तुमच्याच गोदामात झाली. अशा गॅसमधलं क्लोरीन ओझोन तोडतं हे १९७४ पासून माहीत आहे, अंटार्क्टिकावरचं छिद्र १९८५ ला जगासमोर आलं, आणि आज सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी ते १९८० च्या पातळीला भरून यायला २०६६ उजाडेल असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. 'एवढ्याशा गॅसने काय होतं' म्हणत नळी उघडी सोडणारे हात मी गावोगाव बघितलेत, आणि दर वेळी तितकंच वाईट वाटतं.

उणे वीसचा कॉम्प्रेसर जेव्हा जाईल, तेव्हा त्याचं रूपांतर करू नका, यंत्रच नवं घ्या. छोट्या खोलीला आर-२९० वर कारखान्यातच बनलेली मोनोब्लॉक (सगळे भाग एकाच पेटीत असलेली) युनिटं येतात. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने त्यांच्यातल्या गॅसची मर्यादा १५० ग्रॅमवरून सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत वाढवली, त्यामुळे आता कामाची क्षमता मिळते. बर्फ कारखान्यात चालतो तो अमोनिया तुमच्या आकाराला परवडणार नाही. कार्बन डायऑक्साइडची यंत्रं ३१ अंशांच्या वरच्या हवेत वेगळ्या पद्धतीने आणि फार उंच प्रेशरवर चालवावी लागतात, कोकणात सध्या त्या वाटेला जाऊ नका.

दोन्ही कॉम्प्रेसरच्या पाट्या, एक्स्पान्शन व्हॉल्ववरचा नंबर आणि कंडेन्सरच्या फिनांचा जवळून काढलेला फोटो इथे टाका. खोल्यांची मापं आणि रोज किती मासळी आत जाते तेही लिहा. व्हॉल्व तोच चालेल की बदलावा लागेल, आणि पीओई कोणत्या घट्टपणाचं घ्यायचं, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.