उद्या संध्याकाळी पाहुणे येणारेत, पफ पॅटीस आजच करून ठेवले तर चालतील का?

चालतंय की, फक्त भाजून ठेवू नका, कच्चेच भरून फ्रीजरला टाका. मी सांगलीत राहते, इथं मे महिन्यात पीठ ओट्यावर दहा मिनिटं जरी राहिलं तरी बटर सुटायला लागतं आणि बटर वितळलं की पदर सुटत नाहीत, म्हणून पहाटेच लाटते आणि मधेच ताट परत फ्रीजमध्ये ठेवते.

सारण पूर्ण गार पाहिजे, हे खरंच महत्त्वाचं आहे. बटाटा-मटारची भाजी कोरडीच करा, कोमट भरली तर खालचा पदर कच्चट, चिकट राहतो, माझं एकदा अख्खं ताट असं वाया गेलंय आणि फार वाईट वाटलं होतं.

ताटात सुटे सुटे ठेवून कडक झाले की पिशवीत भरायचे. उद्या बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका, वरून दूध लावून थेट २०० डिग्रीला गरम केलेल्या ओव्हनमध्ये, साधारण २५-३० मिनिटं, खालची बाजू उचलून बघा, तीही तांबूस दिसली पाहिजे.

भाजलेले उरलेच तर १८० ला पाच-सात मिनिटं ओव्हनमध्येच गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको, लगेच मऊ पडतात.