इंग्लंडमधली माल्टी एल चांगली की बिघडलेली, हे चवीवरून कसं ओळखायचं? लंडनच्या पबमध्ये बिटर घेतली, ती कोमट, गॅस गेलेली आणि गोडसर लागली.

कोमट नव्हती आणि गॅसही गेलेला नव्हता. एल म्हणजे इंग्लंडची जुन्या पद्धतीची बीअर, बिटर ही तिचीच एक जात. पिंपातली एल ११ ते १३ अंशांवर देतात. नाशिकला जानेवारीत पहाटे असतो तसा गारवा. फ्रिजमधल्या लागरची, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या फिक्या बीअरची सवय असली की तेवढंही कोमट वाटतं. गॅसचं म्हणाल तर त्या पिंपात यीस्ट जिवंत असतं, तिथेच दुसऱ्यांदा आंबताना जो मुरतो तेवढाच गॅस. बाहेरून मारत नाहीत, हातपंपाने बीअर वर ओढतात. ही पद्धत मरू द्यायची नाही म्हणून १९७१ साली काम्रा नावाची ग्राहकांची चळवळ उभी राहिली. तेव्हा तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी बाद.

तिसरी, ‘गोडसर’, ही बाद करता येत नाही. त्या एका शब्दासाठीच लिहायला बसलोय, कारण त्यावरून सहा वर्षांपूर्वी माझं एका माणसाशी वाजलं आणि ते अजून मिटलेलं नाही.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. माल्टी म्हणजे गोड नव्हे. माल्टी म्हणजे खमंग. घरी नाचणीचं सत्त्व होताना पाहिलं असेल तर माल्ट म्हणजे काय ते तुम्हाला कुणी शिकवायला नको: भिजवा, मोड आणा, वाळवा, भाजा. इथे नाचणीऐवजी जव. मारिस ऑटर नावाचा जव १९६६ पासून इंग्लंडमध्ये आहे, त्याची चव बिस्किटाची, टोस्टच्या कडेची. क्रिस्टल माल्ट निराळं. त्यात दाणा ओला असतानाच तापवतात, आतल्या आत साखर होते आणि मग ती दाण्यातच भाजली जाते. काकवी, चिक्की, मनुका हे सगळे वास त्यातून येतात. ज्वारीच्या भाकरीला कुणी गोड म्हणत नाही, पण पापुद्रा तोंडात टाकला की ज्वारी कळते. तसं व्हायला हवं. मग गिळल्यावर मागून हॉप्सचा, म्हणजे बीअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा यायला हवा, फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्ज या जातींचा, जरा मातकट, कोऱ्या चहासारखा, आणि जीभ कोरडी करून जायला हवा. पुढचा घोट घ्यावासा वाटतो तो त्या कोरडेपणामुळे. जी शेवटपर्यंत गोडच राहते ती बिघडलेली असेल-नसेल, चांगली नाही एवढं नक्की.

आता ते भांडण.

मी डर्बीला राहतो. इथून रेल्वेने पाव तासावर बर्टन-ऑन-ट्रेंट, बीअरचं जुनं गाव. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम नावाचं खनिज भरपूर, त्यामुळे तिथली पेल एल अशी कोरडी आणि खणखणीत व्हायची की एकेकाळी पिंपंच्या पिंपं मुंबई-कलकत्त्याला जायची. मी नळाच्या पाण्यात चमचाभर जिप्सम टाकतो आणि बर्टन झालं असं स्वतःला सांगतो. दर दीड-दोन महिन्यांनी ४० पाइंटांचा एक घाणा काढतो. त्या वर्षी बेस्ट बिटर केली होती, ४.३ टक्के अल्कोहोलची, आणि ती इतकी सुंदर रंगाची झाली, जुन्या तांब्याच्या घंगाळासारखी, की मित्राच्या नादाने घरगुती बीअरच्या एका स्पर्धेला पाठवली.

५० पैकी २४ आले.

गुणांची वाटणी सांगतो, कारण तुम्हाला पारखायचंय तर ती कामाची आहे. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी बसते त्याला ५, एकूण छापेला १०. अमेरिकेत १९८५ साली निघालेल्या बीअर परीक्षकांच्या संस्थेची ही पद्धत, इथल्या स्पर्धाही वापरतात. दिसण्याला फक्त ३ आहेत हे नीट बघा. पबमध्ये ग्लास दिव्यासमोर धरून ‘आहा’ करणारे लोक त्या ३ गुणांसाठीच नाचत असतात. मीही त्यातलाच होतो.

मला चवीला २० पैकी ८ मिळाले आणि शेऱ्यात लिहिलं होतं, ‘बटरस्कॉच. डायअसेटिल.’ डायअसेटिल म्हणजे आंबताना तयार होणारं, लोण्याचा वास देणारं द्रव्य. मी गेलो त्या परीक्षकांकडे. साठीपुढचे गृहस्थ, बोलायला गोड. म्हटलं, हा दोष नाही, क्रिस्टल माल्टची टॉफी आहे, मी आठ टक्के घातलंय. ते हसून म्हणाले, ‘तुमच्याकडे स्वयंपाकात लोणी-तूप फार असतं ना, म्हणून तुमच्या लक्षात येत नसेल.’

आता सांगा. ज्याच्या घरी आजी विरजण लावून, ताक घुसळून, लोणी कढवून तूप करायची, त्याला लोण्याचा वास कळणार नाही? विरजणाच्या लोण्याला जो वास असतो तो डायअसेटिलचाच. जगात कुणाला कळेल तर आम्हाला कळेल. तिथे मला हे सुचलं नाही. परतीच्या गाडीत सुचलं, नेहमीप्रमाणे.

घरी येऊन ठरवलं, सिद्ध करायचं. बायको बीअरला शिवत नाही, पण तिचं नाक असं आहे की दूध नासायच्या आधी तिला कळतं. तीन फुलपात्रं घेतली. एकात माझी बिटर. दुसऱ्यात क्रिस्टल माल्ट कुटून गरम पाण्यात अर्धा तास भिजवून गाळलेलं पाणी, म्हणजे टॉफी आहे पण आंबवणं नाही. तिसऱ्यात दुकानातली चांगली बिटर. सगळी सारख्या गारव्यावर, वर बशा झाकलेल्या. तिला काही सांगितलं नाही. दुसऱ्या फुलपात्राला ती म्हणाली, ‘काकवी.’ तिसऱ्याला म्हणाली, ‘पाव, आणि थोडी संत्र्याची साल.’ माझ्या बीअरवरची बशी उचलली आणि नाक नेण्याआधीच म्हणाली, ‘अय्या, ह्यात लोणी कशाला घातलंस?’

त्यानंतर मी बराच वेळ काही बोललो नाही.

कारण मला माहीत होतं. आंबताना यीस्ट आधी डायअसेटिलचा कच्चा माल बाहेर टाकतं आणि काम संपलं की तेच डायअसेटिल पुन्हा खाऊन टाकतं. त्यासाठी त्याला शेवटी दोन-तीन दिवस उबेत राहू द्यावं लागतं. इंग्लिश यीस्ट पटकन तळाशी बसतं, बीअर नितळ दिसते आणि वाटतं झालं. त्या वर्षी गणपतीला पुण्याला यायचं विमान होतं. पाचव्या दिवशी, बीअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा हलेना, मी लगेच बाटल्या भरल्या, गार गॅरेजात ठेवल्या आणि निघालो. बाप्पाच्या पायी यीस्टला सुट्टी मिळाली नाही.

म्हणजे बीअरच्या बाबतीत ते गृहस्थ बरोबर आणि आमच्या नाकाच्या बाबतीत साफ चूक. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर पहिला अर्धा भागही सांगावा लागतो. आणि तरी, २० पैकी ८? बेस्ट बिटरच्या नियमात डायअसेटिल शक्यतो नको, पण अगदी किंचित चालेल, असं लिहिलेलं आहे. माझ्यात किंचितपेक्षा जास्त होतं, मान्य. पण माल्ट होतं, हॉप्स होते, शेवट कोरडा होता, त्याचे काही गुण की नाही? एका दोषाचं नाव सापडलं की परीक्षक उरलेला ग्लास पीतच नाहीत. तुम्ही असं करू नका.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. पाइंट आला की लगेच पिऊ नका, वास घ्या. पहिले दोन श्वास खरं सांगतात, मग नाक बसतं. घोट घेऊन गिळा आणि नाकाने श्वास सोडा. वाइनवाल्यांसारखं थुंकू नका, कडवटपणा गिळल्यावर नीट कळतो. मग स्वतःला विचारा, ही गोडी काकवीची की लोण्याची? काकवीची असेल तर ते माल्ट. लोण्याची असेल आणि जिभेवर तेलकट थर बसला तर डायअसेटिल. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर हवा लागून शिळी झालेली. उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपायला हवं, गिऱ्हाईक कमी असलेल्या पबमध्ये ते संपत नाही. व्हिनेगर आलं तर गेलीच. काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास मात्र बर्टनच्या बीअरला असतोच, त्यावर कुणाला दोष देऊ नका. आणि निर्णय अर्धा पाइंट झाल्यावर द्या, ग्लास थोडा उबेला आला की माल्ट उघडतं.

एक राहिलं. सगळ्यांना डायअसेटिल सारखं लागत नाही, काहींना जवळजवळ लागतच नाही. आजीच्या लोण्याचं एवढं सांगितलं खरं, पण त्या दिवसानंतर मला शंका आहे की मी त्यातलाच आहे. त्यामुळे माझ्या नाकावर फार विसंबू नका. हल्ली बाटल्या भरण्याआधी एक फुलपात्र बायकोपुढे जातं आणि ती ‘अजून लोणी आहे’ म्हणाली की बादली परत उबेत.

तुमचा लंडनचा पाइंट कशाचा गोड होता ते आठवतंय का? काकवीचा असेल तर त्या पबला माफ करा. लोण्याचा किंवा व्हिनेगरचा असेल तर बारवर परत द्यायचा होता. शांतपणे सांगितलं तर बहुतेक ठिकाणी बदलून देतात.