बीथोव्हेन ऐकायला सुरुवात करायची तर 'बेस्ट ऑफ' अल्बम घ्यावा का?

बीथोव्हेनच्या गाजलेल्या रचना एकत्र करून काढलेल्या अल्बमपासून सुरुवात करावी, की एकेक रचना पूर्ण ऐकावी, असं तुम्ही विचारलंय. अल्बमपासून खुशाल करा. माझीही सुरुवात तशीच झाली. कॉलेजात असताना अशी एक कॅसेट हाती लागली आणि ती मी फीत घासून जाईपर्यंत ऐकली. पण त्या कॅसेटमुळे एक गैरसमज माझ्या डोक्यात पक्का बसला होता. तुमचा तसा होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅसेटवर 'मूनलाइट सोनाटा' होता. सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीची, काही भागांत बांधलेली रचना; हा पियानोचा. संथ, खालच्या आवाजातला, पाच-सहा मिनिटांत संपणारा. मला वाटायचं, एवढाच आहे. बऱ्याच वर्षांनी तो पूर्ण ऐकला. तिसरी मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा तिसरा भाग, लागली तेव्हा मी सीडीचं कव्हर उचलून पाहिलं, मध्येच दुसरं काही सुरू झालं की काय म्हणून. पियानोवर सूर खालून वर भराभर चढत जातात आणि टोकाला पोचले की दोन जोरदार ठोके पडतात, पुन्हा पुन्हा. हा सोनाटा 1801 सालचा. तेव्हा सोनाट्याची पहिली मूव्हमेंट बहुधा द्रुत असे. बीथोव्हेननं संथ भाग आधी ठेवला आणि सगळा भार शेवटावर टाकला. म्हणजे माझ्या कॅसेटवर नुसती प्रस्तावना होती! 'मूनलाइट' हे नावही त्याचं नाही. रेलश्टाब नावाच्या समीक्षकानं दिलेल्या चांदण्याच्या उपमेवरून ते बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर रूढ झालं आणि ते शोभतं फक्त पहिल्या भागाला.

पाचव्या सिम्फनीचंही तेच. सिम्फनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची अशीच अनेक भागांची रचना. 'ट ट ट टाऽऽ' या चार सुरांची पहिली मूव्हमेंट, सात-आठ मिनिटांची, प्रत्येक अल्बमवर असतेच. पण तिसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी सगळा वाद्यवृंद जवळजवळ गप्प होतो, टिंपनी नावाच्या मोठ्या नगाऱ्यांवर हलके ठोके चालू राहतात, व्हायोलिनं चाचपडत वर सरकतात आणि मध्ये क्षणभरही न थांबता चौथी मूव्हमेंट उसळून येते. त्या क्षणी ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं पहिल्यांदा वाजतात. तोवर ते वाजवणारे नुसते बसून असतात! पहिल्या भागातली घुसमट ऐकलेली असेल, तरच ही सुटका कळते. सलग ऐकायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो.

नवव्या सिम्फनीतून तर अल्बमवाले 'ओड टू जॉय' या समूहगानाची तीन-चार मिनिटं कापून घेतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये वाद्यवृंद आधीच्या तिन्ही भागांचे तुकडे एकेक करून आठवतो, आणि चेलो नि डबल बेस ही खर्जातली तंतुवाद्यं प्रत्येकाला 'हे नको' म्हणावं तसं बाजूला सारतात. मग तीच वाद्यं ती ओळखीची चाल हळूच, कुणाच्याही साथीविना धरतात. नाकारलेलं काय होतं तेच ऐकलं नाही, तर ती चाल कुठून आली ते कसं समजणार?

सगळ्याच रचनांचं असं नाही. 'फ्यूर एलीझ' मुळातच तीनेक मिनिटांची आणि स्वतंत्र आहे. 'एग्मॉन्ट' ओव्हर्चर, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीला वाजवायचा भाग, तसा वेगळा ऐकायला काहीच हरकत नाही. अशा गोष्टींसाठी हे अल्बम उत्तम.

वेचे काढणं वाईट, असंही माझं म्हणणं नाही. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली सोनेरी तबकडी म्हणजे एक निवडक संग्रहच. तिच्यावर पाचव्या सिम्फनीची फक्त पहिली मूव्हमेंट आहे, आणि आपल्या गायिका केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या रेकॉर्डच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. केसरबाईंची मैफल ऐकलेली माणसं त्या साडेतीन मिनिटांवर समाधान मानत नसत. बीथोव्हेनच्या बाबतीतही कान तसाच ठेवा.

अल्बम घेताना वादकाचं आणि कंडक्टरचं नाव छापलंय का ते पाहा, नसेल तर सोडून द्या. आवडलेल्या तुकड्याचा ओपस क्रमांक, म्हणजे संगीतकाराच्या रचनांना दिलेला क्रमांक, टिपून ठेवा, पूर्ण रचना त्यावरूनच नेमकी सापडते. मूनलाइटचा ओपस 27, क्रमांक 2. फोनवर ऐकत असाल तर शफल (ट्रॅकचा क्रम उलटसुलट करणं) आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक पुढच्यात मिसळणं) दोन्ही बंद करा, नाहीतर पाचव्या सिम्फनीतला तिसऱ्या-चौथ्या भागांचा तो जोड हमखास बिघडतो.

माझ्या मते आधी मूनलाइट पूर्ण ऐका, पंधरा मिनिटांचा आहे. विल्हेल्म केम्पफचं वादन मला फार जवळचं वाटतं. मग पाचवी, कंडक्टर कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची. नवव्या सिम्फनीला एखादी मोकळी संध्याकाळ द्या, तास-सव्वा तास. आणि व्हॉयेजरच्या तबकडीवर अगदी शेवटी जी 'कॅव्हातीना' नावाची संथ मूव्हमेंट आहे, ती ओपस 130 या स्ट्रिंग क्वार्टेटमधली. चारच वाद्यं, सहा-सात मिनिटं. ती मात्र घाईनं ऐकू नका.