मुंज सकाळी, दिवे रात्री: बागेतल्या स्पाइक लाइटचा हिशेब

वडोदऱ्याच्या समा भागातल्या एका निवृत्त काकांचं पत्र आलंय. बंगल्यापुढे लहानशी बाग, मधोमध जुना आंबा, कुंपणाला आसोपालव. वैशाखात नातवाची मुंज घरच्याच अंगणात आहे. त्यानिमित्त जमिनीत खोचायचे १४ स्पाइक लाइट घरच्या विजेवर लावून घ्यावेत, असं त्यांच्या मनात आहे. वायरमनने ३७,००० सांगितलेत: दिवे १६,१००, केबल-पाइप-बॉक्स ११,९००, खोदाई-मजुरी ९,०००. पुण्यातला मुलगा म्हणतो सोलर घ्या, ६,३०० मध्ये भागेल. दुकानदार म्हणतो, दिवे आणि केबल मिळून २८,००० चा माल सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर न्या. काकांची एक लाखाची एफडी ऑक्टोबरात मॅच्युअर होते. ती आत्ताच मोडावी का, असंही त्यांनी विचारलंय.

काका, एफडीला हात लावू नका. मुंज सकाळी लागते, दिवे रात्री लागतात! पाहुणे दुपारी जेवून निघतील. संध्याकाळी चार घरची माणसं अंगणात बसणार असतील, तर मांडववाल्याकडून एका दिवसाच्या भाड्याने माळा आणि दोन फोकस घ्या. आठ-दहा वर्षं टिकायला हवी अशी वस्तू मुहूर्त गाठायच्या घाईत घेतली की चुकते. माझी चुकली होती.

आमच्याकडे एका वायरमनने असेच दिवे लावून दिले. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री जेवताना घरभर अंधार. ब्रेकर वर केला की पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी जास्वंदीपाशी खुरप्याने माती उकरली, तर चार बोटांवरच केबलचा जोड: दोन तारा पिळलेल्या, वर काळी चिकटपट्टी, आतून पाणी ठिबकतंय आणि तांबं हिरवं पडलेलं. दिवा ठणठणीत होता. पैसे मी दिव्यावर घातले होते, वाचवले होते जोडावर.

म्हणून तुमच्या कोटेशनमध्ये मला १६,१०० चा आकडा खटकत नाही, ११,९०० चा खटकतो. तेवढ्यात साधी केबल पाइपातून नेणार असं दिसतं. जमिनीखाली आर्मर्ड, म्हणजे वर पोलादी कवच असलेली केबल घाला, चर दोन फूट खोल घ्या, जोड बंद बॉक्समध्ये, केबल शिरते तिथे पाणी अडवणारी ग्लँड लावून करा आणि तो बॉक्स जमिनीच्या वर, भिंतीवर किंवा खांबावर ठेवा. बागेच्या सर्किटला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवा. मग बागेत गळती झाली तर घर अंधारात जाणार नाही. अर्थिंग तपासून घ्या, आणि धातूचे दिवे असतील तर प्रत्येकाला अर्थची तार. हे २३० व्होल्ट आहेत, आणि नातू ओल्या गवतावर अनवाणी धावणार आहे.

आता पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी तुमच्या व्हरांड्यापर्यंत आलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. दुकानदार डब्यावरचं आयपी ६७ दाखवेल. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुराचं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही. तेव्हा दिव्यावर विसंबू नका. बागेचा स्विच दोन्ही तारा तोडणारा, म्हणजे डबल पोल घ्या आणि घरात, त्या वर्षीच्या पाण्याच्या खुणेच्या बराच वर बसवा. पाणी चढू लागलं की पहिलं काम तो बंद करण्याचं.

मुलाचा सोलरचा सल्ला वाईट नाही, तुमच्या बागेला मानवणारा नाही. आंब्याखाली पॅनेलला ऊन मिळणार कुठून? श्रावणात आठवडाभर सूर्य दिसला नाही की नेमके पायरीपाशी, जिथे पाय घसरतो तिथे, दिवे मिणमिणणार. शिवाय त्यातल्या लहान बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दमतात. फाटकाजवळ ऊन येतं तिथे दोन सोलर खोचा हवे तर, खुशाल.

विजेच्या बिलाची मात्र उगाच धास्ती घेऊ नका. ७ वॉटचे १४ दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला पंधरा युनिटसुद्धा होत नाहीत. युनिटला ८ रुपये धरले तरी ११८ रुपये. पण १४ दिवे कशाला? आंब्याच्या बुंध्याला दोन, पायरीला दोन, पायवाटेला तीन. सात पुरेत. बाग कमाटीबागेएवढी नाही, आणि सगळंच उजळलं की आंबा दिसेनासा होतो.

माझा हिशेब असा: आतला बल्ब बदलता येईल असे सात दिवे, प्रत्येकी १,४०० धरून ९,८००. चांगली केबल आणि बॉक्स १४,४००, आरसीसीबी बसवून २,५००, मजुरी ९,०००. एकूण ३५,७००. म्हणजे दिवे निम्मे आणि वाचले फक्त १,३००! तरी मी यालाच स्वस्त म्हणेन. एलईडी आतच चिकटवलेला दिवा गेला की अख्खा फेकावा लागतो, इथे फक्त बल्ब बदलायचा. आणि चर एकदाच खणायचा. पुढे हौस वाढली तर दिवे वाढवता येतील.

नो-कॉस्ट ईएमआय नको. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. तुमचा दुकानदार रोखीला पाच टक्के सूट देतो, म्हणजे २८,००० वर १,४०० तिथेच गेले. वर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डाचा ईएमआय असेल तर आत दडलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. पैसे सहा महिने तुमच्याकडे राहून जे व्याज मिळेल, ते पाच-सहाशेच्या घरात.

त्याआधी एक विचारतो. घराचा विमा आहे का? पत्रात उल्लेख नाही. भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते आणि तिच्यात पूर येतो. नसेल तर पहिले पैसे तिकडे, पावसाळ्याच्या आत.

दिवे ऑक्टोबरात, एफडीचे पैसे आले की. तोवर या पावसाळ्यात एक करा: जोराची सर आली की छत्री घेऊन बागेत जा आणि पाणी कुठे साचतं तिथे विटा मांडून ठेवा. केबलचा रस्ता त्या विटा टाळून आखायचा, हे वायरमनला चर खणण्याआधी दाखवा.