एका रास्पबेरी पायवर चार कीबोर्ड: क्रमांकावर विसंबू नका

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेल्या चार यूएसबी कीबोर्डांपैकी कोणत्या कीबोर्डवर कळ दाबली हे ओळखून सर्व्हरला कसे कळवावे, असे आपण विचारले आहे. वाचणे सोपे आहे: लिनक्स प्रत्येक कीबोर्डासाठी स्वतंत्र इव्हेंट फाइल (जिच्यातून कळ दाबल्याची प्रत्येक घटना वाचता येते) देते आणि पायथनची ‘ईव्हीडेव्ह’ लायब्ररी या सगळ्या फाइलींवर एकाच वेळी लक्ष ठेवू शकते. खरी अडचण ओळखीची आहे, आणि तिच्यावरूनच माझा एका सहकाऱ्याशी कडाक्याचा वाद झाला होता.

प्रश्नमंजूषेत प्रत्येक संघापुढे एक कीबोर्ड होता. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, उपकरणे ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने इव्हेंट फाइलींना क्रमांक मिळतात, ते कायमचे नसतात, असे मी बजावूनही सहकाऱ्याने संघांची नावे थेट त्या क्रमांकांना जोडली. ‘रोज पाहतो, कधीच बदलत नाहीत’ हे त्याचे उत्तर होते. मध्यंतरात रास्पबेरी पाय पुन्हा सुरू करावा लागला आणि क्रमांक बदलले. पुढच्याच प्रश्नाला पहिल्या संघातील मुलीने स्पेसबार दाबला आणि दिवा लागला तिसऱ्या संघापुढे. ती दाबतच राहिली, तिला उत्तर येत होते, तरी प्रश्न रद्द झाला. याचा मला आजही राग येतो.

म्हणून ‘बाय-पाथ’ डिरेक्टरीतील, शेवटी ‘इव्हेंट-केबीडी’ असलेल्या लिंकच (इव्हेंट फाइलींकडे नेणारी पर्यायी नावे) वापरा, कारण त्या यूएसबी पोर्टाशी बांधलेल्या असतात. उपकरणाच्या ओळखीवरून लिंकना नावे देणारी ‘बाय-आयडी’ डिरेक्टरी येथे निरुपयोगी आहे: स्वस्त कीबोर्डांना बहुधा अनुक्रमांकच नसतो, त्यामुळे एकाच मॉडेलच्या चारही कीबोर्डांची लिंक एकाच नावाची होते आणि एकच उरते. प्रत्येक उपकरण ‘ग्रॅब’ करा, म्हणजे फक्त आपल्या प्रोग्रॅमसाठी राखून ठेवा, नाहीतर त्याच कळा लॉगिनच्या पडद्यावरही उमटतील. घटनेचे मूल्य १ म्हणजे कळ दाबली, ० म्हणजे सोडली; २ म्हणजे दाबून धरल्यामुळे होणारी पुनरावृत्ती, ती गाळा.

सर्व्हरला संदेश पाठवण्यासाठी एकच टीसीपी जोडणी (संदेश क्रमाने पोहोचवणारी) पुरते. तिच्यावर ‘नोडिले’ (छोटे संदेश न थांबवता लगेच पाठवण्याची सेटिंग) लावा. संदेशात इव्हेंटसोबत आलेली कर्नलची वेळ अवश्य पाठवा आणि आधी कोणी दाबले याचा निवाडा त्या वेळेवरूनच करा. सहकाऱ्याचा सर्व्हर यूडीपी या पोहोचण्याची हमी न देणाऱ्या पद्धतीने आलेले संदेश ज्या क्रमाने पोहोचतील तोच क्रम खरा मानत असे. असे संदेश वाटेत हरवू शकतात, मागेपुढे होऊ शकतात, हेही त्याला मान्य नव्हते.

अर्थात, कीबोर्ड दुसऱ्या पोर्टात घातला तर ‘बाय-पाथ’ही बदलतो, तेव्हा पोर्टांवर खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवा. एकाहून अधिक रास्पबेरी पाय असतील, तर त्यांची घड्याळे जुळवल्याशिवाय त्या वेळांची तुलना करू नका.