पोस्टडॉकबद्दल विचारलंस म्हणून

कॅन्सर प्रतिबंधाच्या पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, अमेरिकेला यावं का, आणि सहा वर्षांच्या लेकाला सोबत आणावं का, असं विचारलंयस. शिवाजी विद्यापीठातली पीएचडी, राजारामपुरीतलं घर, सगळं ओळखीचं निघालं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्ज कसा भरायचा ते वेबसाइटवर आहे. पण तू म्हणतेस ती राष्ट्रीय कर्करोग संस्थेची प्रतिबंध फेलोशिप, 1987 पासूनची, तिला अमेरिकेचं नागरिकत्व नाहीतर ग्रीन कार्ड लागतं. तिच्या नादी लागू नकोस. आपली माणसं येतात ती कुणा प्राध्यापकाच्या ग्रुपमध्ये, बहुतेक जे-1 या देवाणघेवाणीच्या व्हिसावर. फ्रान्समध्ये ल्योंला आयएआरसी, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, तिकडेही बघ. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीची चाचणी त्यांनीच टाटा आणि बार्शीच्या हॉस्पिटलबरोबर केली. सव्वा लाखावर बायका होत्या. 2009 ला निकाल छापून आला: तपासणीच्या एकाच फेरीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. इथे सेमिनारला ती स्लाइड लागते तेव्हा बार्शी कुठे आहे हे माहीत असलेली मी एकटीच असते. अभिमान वाटतो की चिडचिड होते, मलाच कळत नाही.

आता शाळा. प्रवेशाआधी माझ्या लेकाची टीबीची त्वचाचाचणी मागितली. आपल्याकडे बाळाला टीबीची बीसीजी लस टोचतातच, त्यामुळे ती चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. हे मी, रोगप्रतिबंध शिकायला आलेली बाई, काउंटरवर समजावून सांगतेय आणि समोरची नुसती हसून मान हलवतेय. व्हायचं तेच झालं. हात टरारून सुजला, एक्स-रे काढावा लागला, शाळा लांबली. तू सरळ रक्ताची चाचणी माग, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मग ‘घरी कोणती भाषा बोलता’ या रकान्यात मराठी लिहिलं, तर पोराची परीक्षा घेऊन त्याला इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. घडाघडा पाढे म्हणणारं पोर सफरचंदाची चित्रं रंगवत बसलं. आज तो माझ्या इंग्रजीला हसतो, तरी माझा राग गेलेला नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. थंडीत पाच वाजता अंधार पडतो, तेव्हा जास्त. पुढे.

माझं काम तोंडाच्या कॅन्सरच्या आकड्यांवर. कागलची आत्या अजून सकाळी परसात मिश्री लावते. फोनवर बोलता बोलता थुंकल्याचा आवाज येतो. तिला मी काही बोलत नाही. इतक्या लांबून कुठल्या तोंडाने बोलू?

आणि ते जे-1 चं दोन वर्षांचं बंधन. कुठल्या देशाच्या कोणत्या कौशल्याच्या लोकांनी परत जायचं, त्या अमेरिकेच्या यादीतून डिसेंबर 2024 मध्ये भारताचं नाव निघालं, तरी सरकारी पैशावर आलीस तर परत जाऊन दोन वर्षं राहायची अट लागू शकते. मला लागलीय. आईला मी सांगते, “नियमच आहे गं, यावंच लागणार मला.” ती खूश होते. पण अट माफ करून घ्यायचे कागद, राज्य सरकार, शिक्षण मंत्रालय, पासपोर्ट कार्यालय, सगळे भरून कपाटात ठेवलेत. पाठवत नाही, फाडतही नाही. नवऱ्याने विचारायचं सोडून दिलंय.

तुझा डीएस-2019, म्हणजे जे-1 व्हिसासाठी लागणारा फॉर्म, आला की त्याचा फोटो पाठव. पैसे कुणाचे, ते त्यावर लिहिलेलं असतं. सही करायच्या आधी मला बघू दे.