चांगुलपणाची किंमत कोण मोजतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात मुलांच्या पुस्तकांविषयी बरेच प्रश्न होते आणि बहुतेकांचा रोख एकच होता: दयाळूपणा, मैत्री हे सगळं गोष्टीतून पोचावं, पण मुलानं पुस्तक मिटून पळू नये. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न: मुलगी साडेसात वर्षांची आहे. चित्रांची पुस्तकं संपली, आता तिला प्रकरणांची पुस्तकं हवी आहेत. दुकानात 'संस्कारकथा', 'मूल्यकथा' अशा नावांचा ढीग असतो. नेमकं काय बघून घ्यावं? (एक आई, सांगली)

आधी आकारमान बघा, मग आशय. दोन्ही दुकानात उभ्या उभ्या वीस मिनिटांत तपासून होतं.

पहिल्या काही पुस्तकांसाठी ६० ते ९० पानं पुरेत. एक प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचलंत तर सातआठ मिनिटांत संपावं. म्हणजे तिचं ती वाचेल तेव्हा पंधरावीस मिनिटं लागतील आणि झोपण्यापूर्वी एक प्रकरण पुरं होईल. अर्ध्यावर सोडावं लागलेलं प्रकरण दुसऱ्या दिवशी उघडायला मुलं कंटाळतात. अक्षर १६ पॉइंटच्या आसपास असावं. त्याहून बारीक छपाईत 'ष्ट्र', 'द्ध', 'क्ष्म' यांचे खालचे भाग चिकटतात आणि मूल शब्द ओळखायच्या ऐवजी अंदाज बांधू लागतं. ओळींमधलं अंतरही बघा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना आणि मात्रांना टेकत असतील तर ते पुस्तक ठेवून द्या.

मग मधलं कुठलंही पान तिला वाचायला द्या आणि ती अडली की एक बोट मिटा. दोनतीन बोटं मिटली तर पुस्तक जमेल. चार मिटली तर तुम्ही सोबत बसून वाचा, पाच मिटली तर सहा महिन्यांनी या. मराठीत एक भान ठेवायला हवं: अडखळणं दोन तऱ्हांचं असतं. 'स्वयंपाकघर' ती तुकडे पाडत वाचते, पण वाचून झाल्यावर तिला अर्थ लागतो. ते बोट मोजू नका. 'औदार्य' सफाईनं वाचते आणि अर्थ ठाऊक नसतो, ते मोजा.

आता आशय. यासाठी पुस्तक तीन ठिकाणी उघडा.

पहिलं प्रकरण वाचा. मुख्य पात्र सुरुवातीपासूनच आज्ञाधारक, गुणी आणि सगळ्यांचं लाडकं असेल, तर पुढे त्याला काहीच करायला उरत नाही. मुलांना हे आपल्याआधी कळतं.

मग साधारण दोनतृतीयांश भागावर या. मैत्रीच्या गोष्टीत भांडण, गैरसमज किंवा दगा असेल तर तो इथे असतो. चांगुलपणाची खरी परीक्षाही इथेच होते, म्हणून स्वतःला विचारा: या पात्राला चांगलं वागण्यासाठी काय सोडावं लागलं? खेळातली बारी, आवडती वस्तू, दुसऱ्या मैत्रिणीची मर्जी, निदान फजिती न होण्याची सोय? काहीच सोडावं लागलं नसेल तर तो चांगुलपणा फुकटचा आहे आणि मुलाच्या लेखी तो घडलेलाच नसतो. डब्यातला उरलेला लाडू देणं आणि शेवटचा लाडू देणं यांतला फरक साडेसात वर्षांच्या मुलीला चांगलाच कळतो.

शेवटी अखेरची दोन पानं. तिथे कुणी आजोबा, गुरुजी किंवा परी येऊन सगळ्याचा अर्थ सांगत असतील, तर लेखकाचा स्वतःच्या गोष्टीवर विश्वास नाही. चांगलं वागल्याबद्दल सायकल मिळत असेल तर त्याहून वाईट, कारण मग ती गोष्ट सायकलची होते.

जाता जाता हेही पाहा: जाड मुलगा फक्त खाण्यासाठी आणि हसण्यासाठी आहे का? कामवाल्या मावशींची मुलगी फक्त जुने कपडे घेऊन कृतज्ञ होण्यापुरतीच येते का? चार मुलगे साहसाला जातात तेव्हा एकुलती एक मुलगी डबा भरून देते का? 'दयाळू' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकांत या गोष्टी हटकून सापडतात. दया घेणाऱ्या पात्राला स्वतःचं मत, राग आणि नकार द्यायची मुभा नसेल, तर मुलं त्यातून उपकार करायला शिकतात. त्याला मैत्री म्हणत नाहीत.

ती अजून प्रकरणांना दबकत असेल तर एक पायरी मागे जायला हरकत नाही. माधुरी पुरंदरे यांच्या राधा आणि यश या मालिकांत चित्रं भरपूर आहेत, बोलणं घरातलं आहे आणि उपदेश नाही. आर्नल्ड लोबेल यांचं 'फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स' (१९७०) इंग्रजी वाचू लागलेल्या मुलांना चालतं. सुट्या पाच गोष्टी आहेत. त्यातल्या एकीत टोडला कधीच पत्र येत नाही म्हणून बेडूक त्याला पत्र लिहितो आणि पोचवायला गोगलगायीकडे देतो. ते पोचायला चार दिवस लागतात. पत्रात काय आहे हे बेडूक आधीच सांगून टाकतो, तरी दोघं अंगणात बसून वाट बघतात. मैत्रीवर एकही वाक्य न लिहिता मैत्री दाखवायची म्हणजे काय, ते यावरून कळेल.

प्रश्न: पाचवीतल्या मुलाला वर्गातल्या टोळक्यानं वाळीत टाकल्यासारखं केलं आहे. त्याला धीर येईल असं पुस्तक सुचवाल का? (एक वडील, नाशिक)

पुस्तकाआधी वर्गशिक्षकांशी बोला. कधी, कुठे आणि कुणासमोर घडतं हे आठवडाभर तारखेनिशी लिहून ठेवा आणि ते कागद घेऊन भेटा. 'माझ्या मुलाला त्रास देतात' एवढ्यावर शाळेला काही करता येत नाही. छेडछाड थांबवणं हे मोठ्यांचं काम आहे, ते पुस्तकाच्या अंगावर टाकू नका.

पुस्तक द्यायचंच तर त्याच्याच दुखण्यावरचं नेमकं पुस्तक लगेच हातात ठेवू नका. मुलाला ते औषधासारखं लागतं: 'म्हणजे बाबांनाही वाटतं की माझंच काहीतरी चुकतंय.' दोनतीन इतर पुस्तकांबरोबर घरात राहू द्या, मुद्दाम दाखवू नका.

एलिनॉर एस्टिस यांचं 'द हंड्रेड ड्रेसेस' (१९४४) या विषयावर आम्ही सर्वांत वर ठेवू. पुस्तक छोटं, प्रकरणं सातच. वांडा ही पोलिश घरातली मुलगी रोज तोच विटका निळा झगा घालून अमेरिकन शाळेत येते आणि घरी माझे शंभर झगे आहेत म्हणते. पेगी तिला रोज त्यावरून छेडते. पण पुस्तक खरं तर तिसरीचं आहे, मॅडीचं. ती स्वतः गरीब आहे, पेगीचे जुने कपडे घालते, तिला हे पटत नाही आणि तरी ती गप्प उभी राहते, कारण उद्या आपली पाळी येईल ही भीती. वांडाचं कुटुंब गाव सोडून जातं, तेव्हा समोरासमोर माफी मागायची वेळ निघून गेलेली असते. लेखिका ती परत आणून देत नाही. म्हणून हे पुस्तक छळ सोसणाऱ्या मुलापेक्षा बघत उभ्या राहणाऱ्या मुलांच्या जास्त कामाचं आहे, आणि कुठल्याही वर्गात त्यांचीच संख्या मोठी असते. शिक्षकांना वर्गात वाचायला सुचवा; मात्र तुमच्या मुलाचं नाव त्याला चिकटू देऊ नका. सीबीएसईच्या दहावीच्या 'फर्स्ट फ्लाइट' या पुस्तकात ही कथा दोन धड्यांत बरीच वर्षं होती, त्यामुळे एखाद्या ताईदादाच्या जुन्या पुस्तकांतही मिळेल.

आर. जे. पलासिओ यांचं 'वंडर' (२०१२) दहा वर्षांच्या पुढे द्या. पुस्तक जाडजूड आहे, पण प्रकरणं एकदोन पानांची. निवेदक बदलत जातात, त्यामुळे एकच प्रसंग दोघांच्या डोळ्यांनी दिसतो. चेहरा जन्मतः वेगळा असलेल्या ऑगीची ही गोष्ट. हॅलोविनच्या मुखवट्याआड असताना त्याला आपला मित्र पाठीमागे काय बोलतो ते ऐकू येतं. दगा आणि त्यानंतरची जुळवाजुळव इतकी प्रामाणिकपणे क्वचितच लिहिली जाते. अखेरीस ऑगीला भर सभागृहात पदक मिळतं, तो भाग आम्हाला खटकतो. मुलांना सहसा खटकत नाही.

प्रश्न: आठ वर्षांच्या मुलाला 'श्यामची आई' वाचायला द्यावं का? आमच्या घरी मतभेद आहेत. (एक आजी, चिपळूण)

त्याच्या हाती सोपवू नका, तुम्ही वाचून दाखवा, आणि निवडून. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे, त्या बेचाळीस आहेत. प्रत्येक रात्र जवळजवळ स्वतंत्र असल्यानं क्रम सोडला तरी बिघडत नाही. तळपायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, ही रात्र किंवा पोहायला ढकलण्याची रात्र आठव्या वर्षी पोचते. दारिद्र्याच्या, कर्जाच्या आणि मृत्यूच्या रात्री दहाअकरा वर्षांपर्यंत थांबू शकतात.

एका रात्री मोळी उचलता न येणाऱ्या म्हातारीला आई श्यामकडून मदत करवते. म्हातारी अस्पृश्य मानली गेलेली आहे. शिवाशीव म्हणजे काय, हे आधी दोन वाक्यांत सांगावं लागेल. त्याशिवाय त्या मदतीला किती धैर्य लागलं हे मुलाला कळणार नाही. मोळी उचलली, त्यात काय एवढं, असं त्याला वाटेल. आईनं श्यामला मारल्याचे उल्लेख येतात तिथेही थांबा, 'तेव्हा असं करत, आपण करत नाही' एवढं म्हणा आणि पुढे चला.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मराठी उत्तम बोलते, वाचते मात्र इंग्रजी. मैत्रीवरचं मराठी पुस्तक कुठून सुरू करू?

कानापासून. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती पहिलीच्या पातळीचं मराठी पुस्तक दिलंत तर तिला अपमान वाटेल, आणि नऊच्या पातळीचं तिला वाचता येणार नाही. रोज दहा मिनिटं वाचून दाखवा, ती शेजारी बसून ओळींवरून नजर फिरवेल.

तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' घ्या. मूळ जपानी पुस्तक १९८१ चं, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेला. प्रकरणं तुमच्या दहा मिनिटांत सहज मावतील. तोत्तोचान ही शाळकरी मुलगी पोलिओ झालेल्या वर्गमित्राला, यासुआकीचानला, आपल्या झाडावर बोलावते. साधी शिडी डुगडुगते, मग ती घडीची शिडी ओढत आणते, घामाघूम होते, आणि शेवटी तो वर पोचतो. घरी दोघांनीही खरं सांगितलेलं नसतं. या प्रकरणात कुणीही कुणाची कीव करत नाही. अजून एका प्रसंगात, वाढ खुंटलेल्या ताकाहाशीला बाईंनी वर्गात गमतीनं 'तुला शेपूट आहे का' असं विचारल्यावर मुख्याध्यापक कोबायाशी त्यांना एकीकडे घेऊन खडसावतात. चांगले मोठेही नकळत दुखावतात, हे मुलांच्या पुस्तकांत फार थोड्या ठिकाणी आहे. पुढे यासुआकीचान मरण पावतो, आणि शेवटी युद्धात शाळा जळते. ते दिवस सुट्टीचे निवडा, म्हणजे घाईनं दिवा मालवावा लागणार नाही.

वाचताना एका प्रकरणाला जास्तीत जास्त एकच प्रश्न विचारा, आणि 'यातून काय शिकलीस?' हा तर नकोच. इसापच्या तात्पर्यांवर वाढलेल्या आपल्याला तो लगेच सुचतो. त्याचं उत्तर मुलं आपल्याला हवं तेच देतात. पात्र निर्णय घेणार त्याच्या आधीच्या ओळीवर थांबा आणि विचारा, 'आता ही काय करेल?' तिनं चुकीचं सांगितलं तरी दुरुस्त करू नका, पान उलटा.

प्रश्न: 'शार्लट्स वेब'मध्ये कोळीण मरते, ते प्रकरण गाळू का? मुलगा हळवा आहे. (एक बाबा, मडगाव)

गाळू नका. ई. बी. व्हाइट यांच्या या पुस्तकात (१९५२) बावीस प्रकरणं आहेत आणि शार्लट एकविसाव्यात जाते. ते गाळलंत तर बाविसाव्यातली तिची पिल्लं कुठून आली हे कळणार नाही, आणि तिनं ज्याचा जीव वाचवला त्या विल्बर या डुकरानं तिच्या अंड्यांची पिशवी सांभाळून आणली, ही परतफेडही हातची जाईल. ती पिशवी खाली काढून देणारा उंदीर टेम्पलटन मदत करतो, पण सौदा करून: यापुढे विल्बरच्या द्रोणीतलं खाणं आधी त्याला. स्वार्थी पात्रही उपयोगी पडतं, याची मुलांना भारी मजा वाटते.

एकविसावं आणि बाविसावं एकाच बैठकीत वाचा. मधे रात्र जाऊ देऊ नका.